'बादल ३' कोण होते? लढाऊ वैमानिकांची टोपणनावे आणि रेडिओवरची नावे

घोडबंदरकर (धागाकर्ता)

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या तळावर मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला, तेव्हा आम्ही सारे घरी टीव्हीसमोर बसलो होतो. हवाईदलप्रमुख एअर चीफ मार्शल अमर प्रीत सिंग यांनी स्वतः मिग-२१ उडवले आणि त्या उड्डाणात रेडिओवर त्यांचे नाव 'बादल ३' होते, असे बातमीत सांगण्यात आले. सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने तत्काळ विचारले, "बाबा, ते सगळ्यांचे साहेब ना? मग त्यांचा नंबर तिसरा कसा?" मी वेळ मारून नेण्यासाठी "ते त्यांचे टोपणनाव असेल" असे सांगितले. त्यावर तिने असे टोपणनाव कोणी ठेवते का, असे विचारून मला निरुत्तर केले. ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांना सहकारी 'शक्स' म्हणतात, हे तिला शाळेतून ठाऊक होते आणि 'शक्स' व 'बादल ३' ही एकाच जातीची नावे नव्हेत, हे तिच्या माझ्याआधी लक्षात आले.

माझे प्रश्न साधे आहेत. ही दोन प्रकारची नावे वेगळी आहेत काय? ती कोण ठेवते? स्वतःचे नाव स्वतः निवडता येते काय? येऊरच्या वाटेवरचे हवाई दलाचे फाटक आपण ठाणेकर लहानपणापासून पाहत आलो आहोत, त्यामुळे या मंचावर आतल्या गोटातील कोणी ना कोणी असेल, अशी आशा आहे.

कळव्याचा_रेडिओफिटर

धागाकर्ते, आपल्या कन्येला माझा नमस्कार सांगावा, कारण तिने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी हवाई दलात रेडिओ फिटर होतो. वैमानिक नव्हतो. मात्र विमान निघण्यापूर्वीची आर/टी तपासणी, म्हणजे रेडिओवरचा आवाज दोन्ही बाजूंनी स्वच्छ येतो की नाही हे पाहणे, हेच माझे काम असल्यामुळे अशी नावे मी आयुष्यभर कानाने ऐकली आहेत.

'बादल ३' हे कोणा माणसाचे नाव नाही, ते त्या उड्डाणातील एका जागेचे नाव आहे. चार विमाने एकत्र निघाली की त्या तुकडीला त्या दिवसापुरते एक नाव मिळते आणि विमानांना एक ते चार असे क्रमांक मिळतात. एक म्हणजे उड्डाणाचा म्होरक्या, दोन त्याचा साथीदार, तीन म्हणजे दुसऱ्या जोडीचा म्होरक्या आणि चार त्याचा साथीदार. एक क्रमांकाचा रेडिओ बंद पडला किंवा त्याला परतावे लागले, तर तुकडीची सूत्रे सर्वसाधारणपणे तीन क्रमांकाकडे येतात. खांद्यावर किती पट्ट्या आहेत याचा येथे संबंध नाही. ज्याने त्या दिवशीच्या उड्डाणाची आखणी केली आहे, ब्रीफिंग दिले आहे आणि जो त्या विमानावर रोज उडतो आहे, तो पुढे राहतो. त्यामुळे प्रमुखांनी तिसऱ्या जागेवर उडणे यात कोणताही कमीपणा नाही. जमिनीवर उतरून शिडीवरून पाय खाली ठेवला, की सारे पुन्हा त्यांना सलाम करतात.

नावाऐवजी असा शब्द का, याचे कारण पूर्णपणे व्यवहारातले आहे. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, आणि दोघांनी एकदम बटण दाबले तर कानात नुसती किंचाळी येते व दोघांचेही बोलणे वाया जाते. म्हणून आधी ज्याला सांगायचे त्याचे नाव, मग आपले नाव आणि मग कामाची गोष्ट, असा क्रम पाळायचा आणि तोही शक्य तितक्या कमी शब्दांत. शेपटीमागे शत्रूचे विमान आले असताना "स्क्वाड्रन लीडर अमुक अमुक, आपण कृपया डावीकडे वळावे" असे म्हणण्यास सवड नसते. तेथे 'बादल २' आणि 'डावीकडे' एवढेच पोहोचले पाहिजे, आणि ते ऐकून तीन क्रमांकाने चुकून वळता कामा नये. शिवाय शत्रूही ऐकत असतो, म्हणून माणसाचे खरे नाव हवेत जाऊ नये आणि तुकडीचे नावही बदलत राहावे, हा शहाणपणा त्यात आहे.

माणसाला चिकटलेले नाव ही निराळी गोष्ट आहे. त्याविषयी नंतर सवडीने लिहितो, कारण नातवाला शिकवणीहून आणायचे आहे.

खारघरची_मानसी

काकांनी फारच सुस्पष्ट लिहिले आहे. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर हवाई दलाचे सी-२९५ हे विमान पहिल्यांदा उतरले आणि पाठोपाठ सुखोई-३० डोक्यावरून गेले, त्या दिवशी आम्ही गच्चीवर उभे होतो. मोबाइलवर विमाने दाखवणारे ॲप मी मोठ्या उत्साहाने उघडले होते, पण सुखोईचा त्यावर मागमूसही नव्हता, फक्त आवाजच तेवढा होता. प्रवासी विमानांचे मात्र रेडिओवरचे नाव सहज कळते. इंडिगोच्या विमानाला नियंत्रक 'आयफ्लाय' म्हणतो आणि ब्रिटिश एअरवेजच्या विमानाला 'स्पीडबर्ड' म्हणतो. तेथे कंपनीचे ठरलेले नाव आणि पुढे उड्डाणाचा क्रमांक असतो.

क्रमांकांच्या गोंधळाचे एक प्रसिद्ध उदाहरण 'एअर फोर्स वन' या नावामागेही आहे. १९५३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे विमान 'एअर फोर्स ८६१०' या नावाने उडत होते आणि त्याच आकाशात ईस्टर्न एअरलाइन्सचे ८६१० क्रमांकाचे प्रवासी विमानही होते. नियंत्रकाचा घोटाळा झाला आणि दोन्ही विमाने धोकादायकरीत्या जवळ आली. त्यानंतर अध्यक्ष ज्या हवाई दलाच्या विमानात असतील त्यालाच 'एअर फोर्स वन' म्हणायचे, असे ठरले. म्हणजे तेही एखाद्या ठरावीक विमानाचे नाव नाही. अध्यक्ष उतरले, की नावही उतरते.

नौपाड्याचे_नाना

काकांच्या म्हणण्यात एक भर घालतो, आणि ती थोडी दुःखाची आहे. कारगिल युद्धात २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर हल्ला करण्यासाठी गेलेल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या तुकडीचे नाव 'नुब्रा' होते. त्यातील 'नुब्रा ३' वर खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र आदळले आणि आतील चारही जण हुतात्मा झाले. त्या दिवसाविषयी बोलताना जुने लोक आजही 'नुब्रा ३' असेच म्हणतात. एका सकाळपुरते दिलेले जागेचे नाव चार माणसांना कायमचे चिकटले. म्हणून ही दोन प्रकारची नावे अगदीच वेगळ्या खणांत ठेवता येत नाहीत, असे मला वाटते.

आता माणसाच्या नावाकडे येतो. ऐंशीच्या दशकातील एका अमेरिकी चित्रपटाने आपल्या पोरांच्या डोक्यात असे भरवून ठेवले आहे, की वैमानिक झाले की आपण एखादे झणझणीत नाव निवडायचे आणि ते हेल्मेटवर रंगवून मिरवायचे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अमेरिकेतही नाव स्वतः ठेवता येत नाही, स्क्वाड्रनमधील सोबती ते ठेवतात, आणि जो स्वतःसाठी भारदस्त नाव सुचवील त्याला हटकून त्याहून वाईट नाव मिळते. बारसे मूल करीत नसते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

त्यांच्या नावांत शब्दांची गंमत बरीच असते. अमेरिकी हवाई दलाचे जनरल डॅन केन यांचे नाव 'रेझिन' आहे. आडनावापुढे ते लावले की इंग्रजीत 'दंगा उसळवणे' या अर्थाचा वाक्प्रचार तयार होतो. तिथल्याच लढाऊ वैमानिक हेदर पेनी यांना 'लकी' म्हणतात, कारण रस्त्यात सापडलेले पेनीचे नाणे तिकडे शुभ मानतात. ११ सप्टेंबर २००१ रोजी याच लकी पेनी एफ-१६ मध्ये क्षेपणास्त्रे नसताना, वेळ पडल्यास अपहृत विमानावर स्वतःचे विमान आदळवायचे या तयारीने उडाल्या होत्या, हे कळल्यावर मला तरी ते नाव हलकेफुलके वाटेनासे झाले.

ब्रिटिशांची तऱ्हा निराळी आहे. त्यांच्या सैन्यात आडनावावरून टोपणनावे ठरूनच गेलेली असतात. आडनाव व्हाइट असेल तर तो खडूसारखा पांढरा म्हणून 'चॉकी', आणि मिलर असेल तर गिरणीतल्या पिठाने माखलेला म्हणून 'डस्टी'. त्याला स्वतःला काही कर्तृत्व दाखवावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातील मलान नावाचा नामांकित वैमानिक आधी व्यापारी जहाजावर होता, म्हणून तो 'सेलर' मलान झाला. डग्लस बॅडर यांचे दोन्ही पाय १९३१ च्या अपघातात गेले होते, तरी ते लढाऊ विमानांचे नेतृत्व करीत. त्यांच्या विमानावर डी. बी. ही आद्याक्षरे रंगवलेली होती आणि त्यावरून रेडिओवर त्यांचे नाव 'डॉग्जबॉडी' पडले. मराठीत त्याला हरकाम्या म्हणावे लागेल. हरकाम्याच्या मागून सारी विंग उडत असे. आद्याक्षरांतून नाव कसे रुळते हे नवी मुंबईकरांना सांगणे म्हणजे पाटलाला बैल दाखवणे होईल, कारण दि. बा. पाटील यांना तेथे कोणी पूर्ण नावाने हाक मारल्याचे मी ऐकलेले नाही. ते सर्वांचे 'दिबा'च होते.

ऐरोलीची_संध्या

नाना, आपण सारे गमतीत घेतले आहे, पण मला यातील दुसरी बाजूही मांडायची आहे. 'सोबती नाव ठेवतात' हे ऐकायला गोड वाटते, परंतु तेच सोबती नवख्याला छळू शकतात. अमेरिकी नौदलात कृष्णवर्णीय वैमानिकांनी, आपल्याला दिलेल्या नावांत आणि वागणुकीत वर्णद्वेष असल्याची तक्रार केली होती. २०१९ मध्ये त्यावरून चौकशी गाजली आणि नावे देण्याच्या पद्धतीवर वरिष्ठांची देखरेख असावी, असे ठरले. वसतिगृहात जाडसर मुलीला चार वर्षे ज्या नावाने हाक मारली जाते, ते नाव तिने हसून स्वीकारले म्हणजे तिला ते आवडले, असा अर्थ होत नाही. मी हे अनुभवावरून लिहीत आहे.

याउलट अमेरिकी हवाई दलातील वैमानिक किम कॅम्पबेल यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. त्यांच्या नावाची आद्याक्षरे के. सी., आणि सोबत्यांनी त्यांचा विस्तार 'किलर चिक' असा केला. ७ एप्रिल २००३ रोजी बगदादवर त्यांच्या ए-१० विमानाची चाळणी झाली आणि हायड्रॉलिक यंत्रणा पूर्ण बंद पडली, तेव्हा त्यांनी दोरखंड ओढावेत तशा निव्वळ हाताच्या ताकदीच्या सुकाणूवर ते विमान तळावर आणून उतरवले. त्यानंतर त्या नावातील थट्टा आपोआप गळून पडली असणार. भारतात अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक १८ जून २०१६ रोजी हवाई दलात दाखल झाल्या. क्रू रूममध्ये त्यांना काय म्हणत असतील याचे मला कुतूहल आहे, पण ते जाणण्याचा आपल्याला अधिकार आहे असे वाटत नाही.

कळव्याचा_रेडिओफिटर

संध्याताई, आपले म्हणणे मला पटते. आमच्याकडेही सारीच नावे गोड नव्हती.

आपल्या हवाई दलात टोपणनाव देण्याचा अमेरिकेसारखा मोठा सोहळा मी तरी पाहिला नाही. बहुतेकांचे नाव खडकवासल्याच्या प्रबोधिनीत किंवा दुंडीगलच्या अकादमीतच पडलेले असते आणि ते सामानाबरोबर युनिटमध्ये येते. निम्म्याहून अधिक नावे आडनाव तोडून केलेली असतात. शुक्लाचे 'शक्स' झाले ते याच रीतीने. आमच्याकडे कुलकर्णी आले की 'कुल्ली' व्हायचे आणि देशपांडे आले की 'देशू' व्हायचे, त्यासाठी कोणाला डोके खाजवावे लागत नसे. उरलेली नावे एखाद्या प्रसंगावरून पडतात, आणि तो प्रसंग शौर्याचा क्वचितच असतो.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांदेखतचा आहे. तळ कोणता आणि साल कोणते, हे सांगत नाही. सकाळची पहिली खेप होती. नव्याने आलेले एक तरुण फ्लाइंग ऑफिसर घाईघाईने आले, एफ-७०० वर, म्हणजे विमानाच्या वहीत, सही केली, विमानाभोवती फेरी मारली, शिडी चढले आणि आत बसले. मी खाली आर/टी तपासणीसाठी हेडसेट लावून उभा होतो. "आवाज येतो का साहेब?" असे मी तीनदा विचारले. उत्तर नाही. सेट बिघडला असे समजून माझ्या पोटात गोळा आला, कारण रात्रभर त्याच सेटवर मी काम केले होते. वर पाहिले तर साहेब मला हातवारे करून 'तुझेच काहीतरी बिघडले आहे' असे सांगत होते, आणि त्यांच्या डोक्यावर कापडी टोपी होती. हेल्मेट क्रू रूममध्ये खुंटीला लटकत होते. माइक आणि इअरफोन हेल्मेटमध्येच असतात, त्यामुळे माझा सेट बोलणार तरी कोणाशी? शिडीवर उभ्या असलेल्या एअरफ्रेम फिटरने कोणताही भाव न दाखवता स्वतःच्या डोक्यावर हळूच टिचकी मारून दाखवली. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग मला अजून आठवतो.

दुपारी डीब्रीफिंग संपेपर्यंत त्यांचे नाव 'टोपी' झालेले होते. पुढे ते चांगले नावाजलेले वैमानिक झाले, स्वतः शिकवू लागले, तरी ते 'टोपी'च राहिले. कनिष्ठ अधिकारी त्यांना 'टोपी सर' म्हणत आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नसे. त्यांच्या पत्नीसुद्धा मेसच्या समारंभात "टोपी, गाडीची किल्ली कुठे ठेवली?" असे विचारत.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आम्ही एअरमन, म्हणजे अधिकारी नसलेल्या, मंडळींनी ते नाव त्यांच्यासमोर कधीही उच्चारले नाही. आम्हाला ते 'साहेब'च. टोपणनाव सर्वांना माहीत असते, पण ते वापरण्याची मुभा सर्वांना नसते, आणि ही सीमा कोठेही लिहिलेली नसूनही कोणी ओलांडत नाही. आमच्या बराकीत साहेबांसाठी आमची स्वतःची वेगळी नावे होती, ती त्यांना कधी कळली नाहीत.

नौपाड्याचे_नाना

टोपीचा किस्सा फक्कड आहे. काका, आपण लिहीत राहावे.

इतिहासवेडा_कोपरी

भारतीय उदाहरणे आली नाहीत म्हणून लिहितो. आपल्या हवाई दलातील टोपणनावांचा स्वभाव मला अमेरिकी नावांपेक्षा घरगुती वाटतो. १९४८ च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या कच्च्या, साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंचीवरच्या पट्टीवर डाकोटा उतरवले. त्यांना सारे 'बाबा' म्हणत. आज ड्रोनच्या थव्यांसाठी हवाई दल जी स्पर्धा घेते, तिचे नाव 'मेहर बाबा' स्पर्धा आहे. म्हणजे टोपणनाव सरकारी कागदावर चढले.

परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातील एकमेव अधिकारी, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, यांना 'ब्रदर' म्हणत. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर पाकिस्तानच्या सेबर विमानांचा हल्ला झाला तेव्हा त्यांच्याबरोबर नॅट या लढाऊ विमानांतून उडालेले फ्लाइट लेफ्टनंट घुमण हे 'जी-मॅन' होते. उड्डाण होताच दोघांची चुकामूक झाली आणि सेखों एकटेच अनेक सेबर विमानांशी झुंजले. आपल्याला गोळे लागले असे वाटते, हे त्यांनी रेडिओवर सांगितले ते 'जी-मॅन'ला उद्देशून. वर काकांनी रेडिओवरची नावे व माणसाची नावे यांतील भेद सांगितला आहे, तो बरोबरच आहे. पण शेवटच्या क्षणी तोंडी जागेचा क्रमांक आला नाही, मित्राचे नाव आले.

गंमत म्हणजे हवाई दलात आणखी एक 'ब्रदर' होते, जवाहरलाल भार्गव. त्यांचे मारुत विमान डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानात पडले. त्यांनी आपण पाकिस्तानी वैमानिक मन्सूर अली असल्याचे बेधडक सांगितले आणि ते काही काळ खपलेही. कलमा म्हणून दाखव, असे कोणीतरी सांगितले आणि सोंग उघडे पडले.

येथवर आलोच आहे तर आपले दिलीप परुळकर यांना विसरून चालणार नाही. १९७१ च्या युद्धात बंदी झालेले परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून निसटले. ग्रेवाल यांना मित्र 'गॅरी' म्हणत आणि सिंहजींना 'हॅरी'. पळताना त्यांनी पाकिस्तानी हवाई दलाचे कर्मचारी असल्याची बतावणी केली आणि नावे घेतली ती अशी: परुळकर झाले फिलिप पीटर, ग्रेवाल झाले अली अमीर, आणि सिंहजी झाले हॅरॉल्ड जेकब. दिलीपचे फिलिप आणि हॅरीचे हॅरॉल्ड, हे मला योगायोगाचे वाटत नाही. गर्दीत कोणी हाक मारली तर मान आपोआप वळली पाहिजे, एवढे जवळचे नाव घेतलेले बरे. नावांनी दगा दिलाही नाही, दगा दिला नकाशाने. अफगाण सीमेजवळ पोहोचल्यावर त्यांनी लंडी खाना येथे जाण्याची चौकशी केली. तेथील रेल्वे १९३२ मध्येच बंद झालेली होती, आणि इतके जुने स्थानक विचारणारे हे कोण, असा संशय येऊन ते पकडले गेले. सीमा अवघ्या काही मैलांवर होती.

खारघरची_मानसी

परुळकरांची हकिकत मी पहिल्यांदाच इतकी सविस्तर वाचली. विमानांनाही अशी दोन-दोन नावे असतात, हे येथे नोंदवावेसे वाटते. मिग-२९ ला आपण 'बाज' म्हणतो, मिराज-२००० ला 'वज्र' आणि जॅग्वारला 'शमशेर', तर नाटो मिग-२१ ला 'फिशबेड' म्हणते. पलंगाशी त्या विमानाचा काय संबंध, कोण जाणे.

संपादक_मंडळ

विमानांच्या नावांसाठी स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती. येथे चर्चा माणसांच्या नावांपुरती ठेवू या.

नौपाड्याचे_नाना

संपादकांचा आदेश शिरसावंद्य. तरी शत्रूने दिलेल्या नावांचा मुद्दा राहिला आहे आणि तो माणसांचाच आहे. साडेतीनशेहून अधिक विमाने पाडणाऱ्या एरिख हार्टमान या जर्मन वैमानिकाला त्याचे सोबती 'बुबी' म्हणत. आपल्याकडच्या 'बाळ्या'चाच तो जर्मन अवतार, कारण त्याचा चेहरा शाळकरी पोरासारखा होता. रशियन मात्र त्याला 'काळा सैतान' म्हणत. एकाच माणसाला आपल्या छावणीत बाळ्या आणि पलीकडच्या छावणीत सैतान! उलट दिशेनेही तसेच घडले. लाकूड-कापडाच्या जुनाट पो-२ विमानांतून रात्री इंजिन मंद करून बाँब टाकणाऱ्या रशियन स्त्रियांना जर्मनांनी 'रात्रीच्या चेटकिणी' म्हटले, आणि ती शिवी त्या स्त्रिया पुढे अभिमानाने मिरवू लागल्या.

शिवकाळात कुडतोजी गुजरांचे प्रतापराव झाले आणि हंसाजी मोहित्यांचे हंबीरराव झाले, तेही दिलेले नावच होते. पण ते महाराजांनी दिले होते, बरोबरीच्या गड्यांनी नव्हे. त्यामुळे त्याला किताब म्हणतात. गड्यांनी त्यांना तळावर काय म्हटले असेल, ते बखरकाराने लिहून ठेवले नाही.

ऐरोलीची_संध्या

नाना, चेटकिणींचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले. मी वर लिहिले त्याला तेच उत्तर आहे असे मात्र समजू नये. शत्रूने दिलेली शिवी अंगावर मिरवता येते, मित्राने दिलेली मिरवणे फार अवघड असते.

घोडबंदरकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांचे पहिले उत्तर मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे आपण स्कूटरवरून जातो तेव्हा आई एक आणि तुम्ही दोन." यावर सौभाग्यवतींनी आनंदाने शिक्कामोर्तब केले आहे.

काका, एक प्रश्न राहतो आणि तो मुलीचाच आहे. एअरमन मंडळींनी बराकीत 'टोपी' साहेबांना कोणते नाव ठेवले होते?

कळव्याचा_रेडिओफिटर

कन्येने पुन्हा नेमक्या जागी बोट ठेवले. मागील वर्षी एका लग्नात, बऱ्याच वर्षांनी, साहेब भेटले. केस पांढरे झाले आहेत, पण चालण्यातील घाई तीच आहे. मला त्यांनी आवाजावरून ओळखले आणि जेवणाच्या रांगेत उभे असताना हाच प्रश्न विचारला, की आता तरी सांग, तुम्ही लोक मला काय म्हणायचे. मी "टोपी साहेबच म्हणायचो, साहेब" असे सांगितले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि ताटात जिलबी वाढून घेतली.

खरे नाव येथेही लिहीत नाही. साहेब सध्या वाशीला राहतात आणि त्यांच्या सूनबाई हा मंच नियमित वाचतात.